जाम आणि कन्हानच्या मधल्या डोंगरावर

मध्य प्रदेशात जाऊन आले असं साताऱ्यात सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात: वाघ दिसला का, आणि खजुराहो पाहिलं का. दोन्हींना नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. "मग पाहिलंस तरी काय?" "एक डोंगर. दोन नद्यांच्या मधला." यावर आमच्या शेजारणीने मला बसवून कोकम सरबत करून दिलं. मला ऊन लागलं असावं, असं तिला वाटलं.

तिचंही चूक नाही. माझ्या गच्चीवरून हवे तितके डोंगर दिसतात आणि महाबळेश्वर घरापासून दीड तासावर आहे. पण मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर 'जलविभाजक' असा शब्द लिहायचा, खाली कौलारू घराचं आढं काढायचं आणि सांगायचं, मुलींनो, आढ्यावर पाऊस पडला की एक थेंब इकडे ओघळतो, एक तिकडे, डोंगराचंही तसंच. शेजारी दुसरं चित्र असायचं. वर लाव्हाचे काळे थर आणि त्यांच्याखालून डोकावणारा, त्यांच्याहून कितीतरी जुना पांढरा संगमरवर. या जुन्या खडकांच्या कुळाला शास्त्रज्ञांनी 'सौंसर' असं नाव दिलं आहे, हे मी असं ठणकावून सांगायचे, जणू सौंसर माझं आजोळच. प्रत्यक्षात पुण्याच्या पलीकडे फारशी गेले नव्हते. निवृत्त झाल्यावर वाटलं, आपण इतकी वर्षं जे ठोकून दिलं ते खरं आहे का, हे एकदा पाहून यावं. खोटं निघालं तर काय करायचं, ते काही ठरवलं नव्हतं.

पांढुर्णा

स्टेशनवर सुशीला सोमकुवर घ्यायला आली होती. तरुणपणी पुण्यात नोकरदार महिलांच्या वसतिगृहात आम्ही दोघी दोन वर्षं एका खोलीत राहिलो. पुढे ती गावी परतून सरकारी दवाखान्यात नर्स झाली आणि आता माझ्यासारखीच पेन्शनवर आहे. एप्रिलचा शेवट होता. चौकाचौकांत चौदा एप्रिलच्या निळ्या पताका अजून फडफडत होत्या आणि सकाळी आठ वाजताच ऊन मानेवर बसलं होतं.

"काय पाहाले आली म्हंतली तू? दगड?" सुशीला म्हणाली. "मंग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याचं होतं ना. दगडं हवेत उडून राहतात त्या दिवशी."

त्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांचे लोक एकमेकांवर दगड फेकतात आणि नदीतला झेंडा पटकावतात. नोकरीभर सुशीलाने त्या दिवशी लोकांच्या डोक्यांना टाके घातले. त्यामुळे दगडांबद्दल तिला माझ्याइतकी ओढ नाही.

पांढुर्णा आता जिल्ह्याचं ठिकाण आहे. जिल्हा नवाकोरा असल्यामुळे 'जिला' हा शब्द जिथे लिहिता येईल तिथे लिहिलेला आहे. पाट्या सगळ्या हिंदी, बोलणं सगळं मराठी. भाजीवाली मराठीत भाव सांगते, हिंदीत घासाघीस करते आणि शेवटी पुन्हा मराठीत रागावते. सुशीलाने मला तर्री-पोहे खाऊ घातले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर असते, इथे लालभडक रस्सा ओततात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा दुकानदाराने काळजीने विचारलं, "तिखट झालं का जी?" आणि उत्तराची वाट न पाहता अजून एक पळी ओतली.

घरी आल्यावर सुशीलाने खरी बातमी सांगितली. तिचा भाऊ नामदेव याचं घर आणि संत्र्याची लहानशी बाग जाम आणि कन्हान या नद्यांच्या मधल्या डोंगरावर आहे, म्हणजे नेमकं मला हवं तिथे. आणि रविवारी त्याच्याकडे पाहुणे येणार होते. नामदेवच्या मुलाला, प्रशांतला, मुलगी पसंत होती, मुलीलाही तो पसंत होता. आता मुलीकडचे घर पाहायला येणार होते.

"मग अडलंय कुठे?"

"पान्यावर," सुशीला म्हणाली. "डोंगरावरच्या घरी पोरगी देत नाई कोनी. चार जाग्याचे पाहुने आले, विहिरीत डोकावले, चहा पेऊन गेले. प्रशांत बत्तीसचा होऊन राहिला."

आमच्याकडे मुलाचा पुण्यातला फ्लॅट पाहायला जातात. इथे विहीर पाहतात. विचार केल्यावर मला यांचंच शहाणपणाचं वाटलं.

रामाकोना, पण आधी लोधीखेडा

दुसऱ्या दिवशी मी एकटीच पांढरा दगड पाहायला निघाले. रामाकोन्याला जायचं तर सौंसरला बस बदलावी लागते. मी बदलली, फक्त उलट दिशेची धरली. डोळा लागला आणि उघडला तेव्हा लोधीखेडा. भूगोलाच्या शिक्षिकेने उत्तरेऐवजी दक्षिणेला यावं, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. उसाचा रस प्यायले, जणू त्यासाठीच आले होते, आणि परतीची बस धरली.

रामाकोन्याला कन्हान नदी आटून खडकाखडकांतून वाहत होती आणि तिथे तो होता. माझा संगमरवर. फळ्यावरच्या खडूसारखा शुभ्र वगैरे नव्हता, मळकट पांढरा आणि करड्या पट्ट्यांचा होता, पण तोच. काळ्या दगडाच्या देशात जन्म गेलेल्या बाईला पायाखाली पांढरा खडक म्हणजे काय वाटतं, हे कसं सांगू? मी चपला काढून त्यावर उभी राहिले आणि मला चक्क भरून आलं. मग वाकून वाकून तुकडे गोळा करू लागले.

"काय हरवलं वो बाई?"

काठावर वाकळ धूत असलेली एक म्हातारी मला विचारत होती. काही हरवलं नाही, दगड पाहते आहे म्हटल्यावर तिने धुणं बाजूला ठेवलं. तिचं नाव पंचफुलाबाई. तरुणपणी तिने मँगनीजच्या खाणीवर दगड निवडायचं काम केलं होतं. तिने खाली पाहून एक काळा खडा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या. जड लागते का नाई? हे मँगनीज. डोये मिटून सांगत होतो आम्ही." नंतर तिने मला डोळे मिटायला लावून सहा दगड दिले. मी चार चुकवले. ती मनापासून हसली आणि म्हणाली, "शिकान हळूहळू."

घरी नेऊन तिने चहा पाजला. पातेल्याच्या आत पांढरट, खरबरीत थर जमलेला होता. भांडं जरा नीट घासायला काय होतं, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. निघताना तिने 'जय भीम' म्हणत दोन्ही हात जोडले आणि माझ्या पिशवीत एक पांढरा आणि एक काळा दगड स्वतःच्या हाताने टाकला.

डोंगरावर

शनिवारी सुशीला आणि मी रिक्षाने पायथ्याशी उतरून चढू लागलो. खाली काळ्या मातीत कापसाची वाळलेली पऱ्हाटी उपटून ढीग लावले होते. वर चढावं तशी माती संपली आणि तांबडा मुरूम लागला, त्यातून काळ्या खडकाची टोकं वर आलेली. याला इकडे बरड म्हणतात. सागाला पान नव्हतं, मोहाखाली शेवटची फुलं पडली होती आणि त्यांचा गोड, आंबूस वास होता. मधूनच कुठे खोलगट जागेत माती साठलेली, तिथे कुणाची तरी दहा-वीस संत्र्याची झाडं.

डोंगरमाथ्यावर पोचून मी आढं शोधू लागले. आढं नव्हतंच. सपाट, दगडाळ माळ, त्यावर चार-पाच घरं, कडेला नामदेवचं घर, विहीर आणि बाग. पूर्वेला दूर कन्हानचं खोरं, पश्चिमेला जामचं. पाणी नेमकं कुठून दुभंगतं? अठ्ठावीस वर्षं शिकवलेलं एकदा तरी करून पाहावं म्हणून मी बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं. ते ना जामकडे गेलं ना कन्हानकडे. बरडाने ते जागच्या जागी पिऊन टाकलं. शिवाय जाम शेवटी कन्हानलाच जाऊन मिळते, म्हणजे मी ज्या ताटातुटीचं एवढं कौतुक सांगत आले तिचा शेवट खाली गोडच होतो.

मान वर केली तर नामदेवची बायको लताबाई समोर उभी होती. तिच्या डोक्यावर भरलेला गुंड, म्हणजे इकडची पितळी घागर, होता. डोंगराच्या पोटात नाल्याच्या पात्रात खड्डा उकरून केलेला झिरा आहे, तिथून ती पाणी आणत होती. चढ अर्ध्या तासाचा.

"तहान नव्हती का म्याडम?" ती एवढंच म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात प्रयोग करून दाखवायला पाणी बेसिनच्या नळाला यायचं.

संध्याकाळी नामदेवने विहीर दाखवली. तिच्या कडा पाहून मी अपराधही विसरले. माझ्या फळ्यावरचं चित्रच कुणीतरी जमिनीत उभं कापून ठेवलं होतं. वर मुरूम, मग जाळीजाळीचा काळा दगड, त्याच्या छिद्रांत पांढरे स्फटिक, मग विटेसारखा लाल, हातभर जाडीचा पट्टा आणि त्याखाली पुन्हा अखंड काळा पाषाण. मी नामदेवला सांगत सुटले, की एक लाव्हा आला, थंड झाला, त्यावर माती तयार व्हायला हजारो वर्षं गेली, मग दुसरा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली, तोच हा लाल पट्टा. नामदेव माझ्याकडे इतक्या आदराने पाहत होता, की माझा आवाज आपोआप वर्गातला झाला.

तळाशी पुरुषभर पाणी चकाकत होतं. मग माझ्या लक्षात येऊ लागलं. पाण्याच्या वरच्या दगडाला ओल नव्हती. कुठे झरा पाझरत नव्हता. लाल पट्टा कोरडा ठणठणीत होता. आणि विहिरीच्या काठापर्यंत जाड चाकांच्या ताज्या खुणा आल्या होत्या.

"टँकर?" मी विचारलं.

नामदेवने चाकाची एक खूण पायाने पुसून टाकली. "तीन," तो म्हणाला. "कन्हानकडच्या एका वळखीच्याच्या बोअरचं पानी हाय. दुपारीच सोडलं."

मी काही बोलायच्या आत त्याने विहिरीच्या काठावर हात ठेवला. "म्याडम, ही विहीर माह्या बापानं खोदली. दोन उन्हाळे लागले. त्याच्या आंधी आमच्या लोकायले खालच्या विहिरीले हात नाई लावू देत कोनी. कोनी वरून ओतंन तवा पानी. माह्या मायसंगं मी उभा राह्यलो हाय तिथं, दुपारच्या दुपार, रिकामा गुंड घेऊन. ही विहीर लागली तवा बाप रडला होता. दिवाळीपर्यंत पानी राह्यते हिले, होळीपर्यंत थोडंथोडं. आता चार पाहुने येऊन डोकावून गेले. हिले कोनी कोरडी म्हनलं तं मले सहन होत नाई." मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही शिकेल-सवरेल हा. उद्या फक्त म्हना, का या दगडात पानी असते."

नाही म्हणायला हवं होतं. त्या माणसाच्या तोंडाकडे पाहून मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "या थरांमध्ये पाणी असू शकतं, एवढं म्हणेन." 'असू शकतं' या दोन शब्दांनी मला नोकरीत बऱ्याच वेळा वाचवलं होतं.

पाहुणे

रविवारी पहाटे नामदेवच्या ओरडण्याने जाग आली. पाणी रात्रीतून दीड हात उतरलं होतं. ज्या खडकात झरा नाही त्यात पाणी ओतलं की ते भेगांतून आपली वाट धरतं, हे मला माहीत होतं, पण त्या वेळी ते त्याला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. पाहुणे दहाला येणार होते. दहाला आणखी वीतभर उतरलं. अकराला फोन आला की गाडी सौंसरात पंक्चर झाली आहे. नामदेव दर अर्ध्या तासाने विहिरीत डोकावून यायचा आणि येताना त्याचा चेहराही थोडा उतरलेला असायचा.

"बाबा, खरं सांगून देऊ ना," प्रशांत म्हणाला. तो मुळात कमी बोलणारा. सकाळपासून तो अंगणात खुर्च्या मांडत होता आणि पुन्हा वेगळ्या मांडत होता.

"तू चूप राय," नामदेव म्हणाला.

स्वयंपाकघरात वेगळाच गोंधळ होता. पाटवड्यांचा रस्सा झाला होता, शेवयांची खीर झाली होती, पोळ्या होत होत्या. वरणाची डाळ शिजत नव्हती. लताबाई झिऱ्याचं पाणी घेणार होती, सकाळीच दोन गुंड आणून ठेवले होते. पण नामदेवने तिला अडवलं होतं. "पाहुन्याले विहिरीचंच पानी. विहीर दाखवाची आनं सैपाक झिऱ्याच्या पान्यात कराचा? ते खोटं होईन!"

आठ शिट्ट्या झाल्या. डाळीचा दाणा जसाच्या तसा. सुशीला म्हणाली, कुकरचं रबर गेलं असेल. मदतीला आलेली शेजारीण म्हणाली, डाळच जुनी आहे. मलाही राहवेना. मी सगळ्यांना सांगितलं, की उंचावर हवेचा दाब कमी असतो, पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो.

लताबाई पोळी लाटता लाटता म्हणाली, "मंग म्याडम, परवापर्यंत कशी शिजत होती इथं?"

मी चटकन कोथिंबीर निवडायला घेतली.

एक वाजता पाहुणे आले. गाडीतून आधी वैशाली उतरली. मुलगी सव्वीस-सत्तावीसची, सौंसरला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करणारी. हल्ली घर पाहायला मुलगीही येते, हे मला आवडलं. तिच्या मागून तिची आत्या उतरली आणि मला पाहून जागीच थांबली.

"अव माय! दगडवाली म्याडम!"

पंचफुलाबाई होती. वैशालीला आईबाप नव्हते, याच आत्याने तिला वाढवलं होतं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्या अंगणाला सांगितलं, की ह्या बाईने नदीत वाकून वाकून दगडं पाहिली, सहातले चार चुकली, पण चुकली ते कबूल केलं. "दगडाबद्दल ह्या लबाड नाई बोलनार."

विहिरीपाशी गेलो. पाणी आता कमरेइतकंच राहिलं होतं. पंचफुलाबाईने डोकावून पाहिलं आणि मग विहिरीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. नामदेवही माझ्याकडेच पाहत होता.

"या थरांमध्ये पाणी असू शकतं," मी म्हटलं.

"म्याडम म्हंतात तं असन," पंचफुलाबाई म्हणाली आणि समाधानाने वळली. मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी मुलींच्या उत्तरपत्रिकांत मोघम उत्तरांवर लाल रेघ मारत होते.

पंगत बसली. पंचफुलाबाईने वरण-भात कालवला, एक घास घेतला आणि तिचं चावणं थांबलं. तिने ताटातून डाळीचा एक दाणा उचलून अंगठ्याने आणि बोटाने दाबून पाहिला. दाबला गेला नाही. तिने तो तसाच ताटाच्या कडेला ठेवला.

"नामदेवभाऊ, हे पानी कुठचं?"

"विहिरीचंच जी. आमच्याच."

"तुमची विहीर काळ्या दगडातली," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "काळ्या दगडाच्या पान्यात वरन लोन्यावानी होते. माह्या नंदंचं घर पांढुर्न्याकडे हाय, दोन शिट्टीत डाळ विरघळून जाते तिची. पांढऱ्या दगडाच्या पान्यात नाई शिजत. आम्ही रातभर भिजू घालतो तवा कुठं खाता येते. चाळीस वर्स हे दाने चावून राहिली मी. हे पानी आमच्या इकडचं हाय."

ती माझ्याकडे वळली. "म्याडम?"

चुनखडीच्या प्रदेशातलं पाणी जड असतं. कारणे द्या, गुण दोन. मी हा प्रश्न किती वेळा काढला असेल. तिच्या घरच्या पातेल्यातला पांढरा थर मी बघितला होता, टँकर कन्हानकडचा हे मला माहीत होतं, संगमरवराचा तुकडा माझ्या पिशवीत होता, आणि तरी मी हवेचा दाब शिकवत बसले होते.

"काल टँकर आला होता," मी म्हटलं. "विहिरीला आत्ता स्वतःचं पाणी नाही. मी गोलमोल बोलले. चुकलं माझं."

नामदेवची मान खाली गेली ती वर येईना. पंचफुलाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा भात कालवायला लागली. "जेवा सारे," ती म्हणाली. "वरन वाया नोको जाऊ देऊ. आमाले सवय हाय."

आणि सगळे मुकाट्याने ते कच्चं वरण जेवले. पाचवे पाहुणेही गेले, असं सुशीला माझ्या कानाशी पुटपुटली.

पण जेवण झाल्यावर वैशाली उठून स्वयंपाकघरात गेली. लताबाई भांडी गोळा करत होती. वैशालीने विचारलं, "काकू, रोज पानी कुठून आनता?"

"झिऱ्यावरून."

"किती खेपा?"

"सहा. सन असला तं आठ."

"आनं घरातले गडीमानसं?"

लताबाईला प्रश्न कळला नाही. म्हणजे शब्द कळले, पण असं काही विचारता येतं हे तिला माहीत नसावं. "ते बागेत राहतात ना," ती म्हणाली. "पानी तं बाईमानूसच आनते बाप्पा."

वैशाली बाहेर आली आणि अंगणात सगळ्यांसमोर बोलली. रक्ताचा रिपोर्ट सांगावा तितक्या शांतपणे. "विहीर कोरडी हाय म्हनून मी नाई म्हनत नाई. आमच्या घरीबी पानी दुरूनच येते. आज एप्रिल सरून राहिला. पाऊस लागला का मी काकूले फोन करीन. तोपर्यंत ह्या घरात पानी कोनं आनलं, ते काकू सांगतीन मले. मंग माहा जवाब." मग प्रशांतकडे पाहून म्हणाली, "काकूनं सांगतलं मले. खरं सांगून देऊ म्हनलं होतं का तू?"

प्रशांतने मान हलवली.

"म्हनलं होतं तं सांगून टाकाचं ना," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. पंचफुलाबाई जाताना नामदेवला म्हणाली, "बापाची विहीर चांगली हाय, भाऊ. कोरडी असली तरी चांगली हाय." तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

सोमवार

हे लिहीपर्यंत पाऊस लागलेला नाही, तेव्हा लग्नाचं मला विचारू नका. मला त्यांच्या घरची शेवटची सकाळ मात्र सांगायची आहे.

उजाडता उजाडता प्रशांत दोन गुंड घेऊन झिऱ्याकडे उतरला. थोड्या वेळाने नामदेवही प्लास्टिकचा डबा घेऊन निघाला, कुणाशी काही न बोलता, रस्ता विचारावा लागू नये अशा बेताने मुलाच्या मागे मागे. शेजारच्या घरांतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. प्रशांत पहिली खेप घेऊन वर आला तेव्हा तो छातीपर्यंत भिजलेला होता आणि गुंड अर्धे होते. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

लताबाई हसली नाही. तिला घरात बसवेना. "सांडून राहिले ना सारं," म्हणत ती त्यांच्यामागे निघाली, मीही तिच्याबरोबर गेले. डोंगराच्या कडेवर आल्यावर ती थांबली. तिचे हात मोकळे होते आणि त्या हातांचं काय करावं हे तिला उमजत नव्हतं. एकदा पदर सारखा केला, एकदा कमरेवर ठेवले, मग तसेच सोडून दिले.

मग तिने डावीकडे पाहिलं.

"म्याडम, ते खाली चमकून राहिलं ते काय हाय?"

"कन्हान," मी म्हटलं. "पंचफुलाबाईंच्या गावची नदी. इथून दिसते की. तुम्ही तर रोज या वाटेनं जाता."

"हो जी," ती म्हणाली. "चौतीस वर्सं. पन डोक्यावर गुंड असला का मान नाई वळवता येत."

तिने उजवीकडे पाहिलं. "आनं ते?"

"ती जाम."

ती एका दगडावर बसली. ऊन वर आलं, खालून बापलेक एकमेकांवर खेकसत असल्याचा आवाज आला, पण ती उठली नाही. एकदा इकडे आणि एकदा तिकडे, मान वळवून वळवून ती कितीतरी वेळ पाहत राहिली.